शेवटच्या गाठीपलीकडे

दोर वळणाऱ्या घरात माणसं उलटी चालतात. एकाने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने कमरेला अंबाडीचा वाख गुंडाळून, तो बोटांतून सोडत सोडत मागे मागे जायचं. आमचे हे जन्मभर असे माझ्यापासून मागे जात राहिले, तोंड माझ्याकडे करून. नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, हा माणूस मला घाबरतो की काय. पुढे कळलं, घाबरतो तो घाबरतोच, पण मागे जातो तो पोटासाठी.

चाक माझ्या हातात. लांबलचक पडवी, तिच्या या टोकाला मी, त्या टोकाला हे, आणि मधे दोर. बोलायचं असलं तर ओरडावं लागायचं, म्हणून हे बोलत नसत. मी ओरडायचे. आता पडवीत मागे जातो तो माझा मुलगा. पण दुपारी उजेड तिरपा झाला आणि वाखाची धूळ हवेत तरंगायला लागली की त्या टोकाला कोण उभं आहे ते नीट दिसत नाही. मी चाक फिरवत राहते. कोण का असेना, पीळ पडल्याशी मतलब.

यंदा थंडी आली ती धुकं घेऊन. आणि धुकं पाहुण्यासारखं आलं असतं तर चालून गेलं असतं, ते घरजावयासारखं बसलं. सकाळी उठावं तर अंगण नाही, विहीर नाही, समोरचं झाड नाही. दुपारी थोडं विरायचं, पुन्हा संध्याकाळी दाराशी हजर. वाख वाळेना. ओल्या वाखाला पीळ देणं म्हणजे रडत्या पोराची वेणी घालणं. नावाडी दोरासाठी येऊन पडवीत बसायचे, रिकाम्या चाकाकडे बघायचे आणि निघून जायचे. सून वाखाच्या जुड्या दोरीवरून काढून चुलीपाशी ठेवायची, चुलीपासून उचलून पुन्हा दोरीवर टाकायची. मुलगा दाढी वाढवून बसला होता. मी त्याला म्हटलं, तिचा तरी वाख कर, निदान वाळलेली आहे.

त्यात भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, आतल्या खोलीत पडून. छातीत कफ असा वाजायचा की भिंतीपलीकडे कोणी चाक फिरवतंय असं वाटावं. वैद्य येऊन गेला, नाडी धरून बराच वेळ बसला आणि बाहेर येऊन मुलाशी हळू आवाजात बोलला. माझ्या घरात हळू आवाजात बोललं की मला आधी ऐकू येतं. हंगाम निघाला तर निघाला, असं तो म्हणाला.

आणि वाद होता तो भावजींचाच आणि माझा. जागेचा.

आमचा मसणवटा नदीच्या अंगाला आहे. दर पावसाळ्यात नदी त्यावरून एकदा तरी हात फिरवते आणि जाताना गाळाचं पांघरूण घालून जाते. कोणाचे दगड टिकत नाहीत. इतर घरांनी लोखंडी पाट्या रोवल्या, कोणी झाडं लावली. आम्ही पडलो दोरवाले. सासऱ्यांनी मापाचा दोर वळून ठेवला. फाटकाच्या दगडी खांबाला कडी आहे, तिला एक टोक बांधायचं, भिंतीच्या कडेने दोर ताणत न्यायचा, आणि जिथे गाठ येईल तिथे आपलं माणूस. पहिली गाठ सासऱ्यांच्या आईची, मग त्यांच्या वडिलांची, मग स्वतः सासरे, मग सासूबाई, आणि शेवटची ह्यांची. ह्यांची गाठ भावजींनी मारली. मी मारते म्हटलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या गाठी सुटतात, असं या घरात कधीचं ठरून गेलेलं आहे.

हंगामाचा पहिला दोर चाकावरून उतरला की वर्षातून एकदा आम्ही तिथे जातो. मापाच्या दोराने एकेकाला शोधायचं, गाळ सारायचा, नदीतले गोटे आणून डोक्याशी ठेवायचे, त्यांना चुना लावायचा. मग त्या पहिल्या दोराचा हातभर तुकडा गोट्याखाली ठेवायचा, म्हणजे घर अजून पीळ धरून आहे हे त्यांना कळावं. आणि वर्षाची खबर सांगायची. खबर मी सांगते. बाकीच्यांना सांगता येत नाही, ते रडतात.

ह्यांच्या पलीकडे, टोकाच्या आडव्या भिंतीपर्यंत, थोडी मोकळी जागा होती. दरवर्षी मी तिथेच बसायचे. ती माझी, हे कोणाला सांगायची गरज मला कधी वाटली नव्हती. सूर्य उगवतो हे कोणी सांगत फिरतं का? पण पावसाळा सरल्यावर मसणवट्याचा राखणदार आला आणि गाळ फार आलाय, जपून जा, असं सांगता सांगता म्हणाला, तुमच्या ओळीत आता एकच जागा उरलीय, जो आधी येईल त्याची.

दार उघडं होतं. भावजींनी आतून ऐकलं. त्यांनी स्वतः काही म्हटलं नाही, बायकोला पुढे केलं. माझी धाकटी जाऊ चुलीपुढे बसून, माझ्याकडे न बघता म्हणाली की ह्यांना दादांच्या शेजारी पडायचंय. दोघं भाऊ लहानपणापासून एका पडवीत, एका पावलाने मागे चालले, हा दोराचा एक पदर सोडायचा तो दुसरा. आता एकानेच पलीकडे जाऊन थांबायचं म्हणजे कसं.

मी म्हटलं, आणि चाक कोण फिरवत होतं, भूत? मी अजून मेले नाही म्हणून माझा हक्क गेला का?

"तुम्ही कसल्या मरताय जाऊबाई," ती म्हणाली. "तुम्हाला न्यायला येणाराच आधी पाणी मागेल."

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. एका चुलीवर दोघी रांधत होतो, पण बोलायची ती भांडी. तिने तवा आपटला की मी झाकण आपटायचे. सून मधे उभी राहून दोन्हीकडे मीठ आहे ना ते बघायची.

मी आतल्या खोलीत जाणंही सोडलं. भावजींना पाणी नेऊन द्यायची ती सून. रात्री कानावर खोकला यायचा आणि मी कूस बदलायचे. दया यायची, नाही असं नाही. पण जागा ही काय दयेने द्यायची वस्तू आहे? ह्यांना माती दिली तेव्हा मी त्या मोकळ्या जमिनीकडे बघून ठेवलं होतं. ते बघणं माझं पांघरूण होतं, इतकी वर्षं मी ते घेऊन झोपले.

मग एक दिवस मीच म्हटलं, जाऊन मोजून तरी येऊ. राखणदार बोलतो ते काय दगडावरची रेघ आहे? मुलगा म्हणाला, आई, अजून दोर उतरला नाही, धुकं आहे, असं कधी कोणी गेलं नाही. मी म्हटलं, वैद्यालाही विचारून ये मग, धुकं सरेपर्यंत मरण थांबतं का ते. तो उठला.

गेल्या हंगामातला एक बरा दोर कापून तुकडे घेतले. माळ्यावरून मापाचा दोर काढला. मी, मुलगा आणि सून निघालो. रस्ता पायांना माहीत होता म्हणून ठीक, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. कुठे तरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती आणि ती जवळ आहे की लांब, पुढे की मागे, काही कळत नव्हतं. सुनेच्या केसांवर पाण्याचे बारीक थेंब बसले होते, एका वाटेत म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, ही अशी दिसेल तेव्हा मी नसेन. वाईट नाही वाटलं. थंडगार वाटलं, बस.

फाटकाशी मुलाने दोर कडीला बांधला आणि सवयीने तोंड आमच्याकडे करून मागे मागे जायला लागला. ओल्या गवतातून दोर सळसळत गेला. चार पावलांवर मुलाचे पाय गेले, मग कंबर, मग तोंड. राहिला तो फक्त दोर, पांढऱ्यात शिरलेला आणि थरथरणारा. मी त्यावर हात ठेवला. त्या टोकाला कोणी तरी मागे चालत होतं. ह्यांची चाल मला दोरातून ओळखू यायची, उजवा पाय जरा घासत टाकायचे. हाताला तीच घासती चाल लागली. सुनेला सांगितलं असतं तर तिने माझं कपाळ तापलंय का बघितलं असतं.

दोराला धरून आम्ही निघालो. जमीन सगळी गाळाने सारखी झालेली, मऊ, पायाखाली हलकी दबणारी, झोपलेल्याच्या पोटावरून चालल्यासारखी. एकेका गाठीपाशी थांबलो, गोटा ठेवला, चुना लावला, दोराचा तुकडा ठेवला. सगळा गाळ उपसायला वेळ कोणाला? वरवर सारवलं. शेवटची गाठ आली तिथे मुलगा उभा होता, आणि तो तिथेच राहिला, आणि भिंत शोधायला सून पुढे गेली. ती जातच राहिली. मग धुक्यातून तिची हाक आली, भिंत इथे आहे. मी आवाजाच्या दिशेने चालत गेले. आडवी पडून बघितलं, हो, त्या ओल्या गाळावर, लुगडं नेसलेली बाई. उठून सरकून पुन्हा पडले. दोन माणसं आरामात मावत होती.

राखणदार मूर्ख, असं मी म्हटलं. मुलगा हसला. सुनेने डोळे पुसले. वाद मिटला होता.

त्या दोघांना मी नदीवर चुन्याचे हात धुवायला पाठवलं आणि ह्यांच्या गोट्याशी एकटी बसून खबर सांगायला लागले. चारी बाजूंनी पांढरं, जग म्हणून काही उरलेलं नाही, आणि मी बोलतेय. धाकटी कशी वागली ते सांगितलं. मुलगा कसा तुमच्यासारखा मुका निघाला ते. मग बोलता बोलता, कोण जाणे कशी, तुमच्या आईने माझं काय काय केलं त्यावर गेले. मला चाकावरून उठू दिलं नाही, पाचव्या महिन्यातसुद्धा. आणि मीही उठले नाही, कारण मी उठले असते तर ती बसली असती, आणि मग म्हणाली असती, बघ, दोर असा वळतात. माझा हात तिच्याइतकाच एकसारखा चालतो हे तिला माहीत होतं, मरेपर्यंत म्हणाली नाही. हे मी कधी कोणाला बोलले नव्हते. ह्यांना तर नाहीच. हे जिवंतपणी आईचा विषय निघाला की मागे मागे सरकत पडवीबाहेर जायचे. त्या दिवशी मात्र इतकं नीट ऐकलं गेलं, माझं बोलणं गाळात मुरत होतं, कोणी मधे बोलत नव्हतं, कोणी उठून जात नव्हतं. मला हलकं वाटलं, वाळलेल्या वाखासारखं.

घरी आल्यावर मी सरळ आतल्या खोलीत गेले. भावजींना म्हटलं, दोघांची जागा आहे. तुम्ही दादांच्या शेजारी, मी तुमच्या पलीकडे भिंतीला. त्यांनी आढ्याकडे बघितलं. मग म्हणाले, बरं झालं. धाकटीने त्या संध्याकाळी मला पहिली गरम भाकर वाढली. बोलली नाही, पण तवाही आपटला नाही.

पुढे धुकं फाटलं. आलं तसं कोणाला न सांगता गेलं. ऊन असं पडलं की वाखाच्या जुड्या केसांसारख्या भुरभुरायला लागल्या. चाक सुरू झालं, पडवी पुन्हा कुरकुरायला लागली, नावाडी आले, मुलाने दाढी केली. पहिला दोर उतरला तो बोटांनी चाचपून बघितला. चांगला होता.

दुपारी पाणी प्यायला आत आले. मापाचा दोर मी त्या दिवशी वेटोळं करून धान्याच्या रांजणावरच्या खुंटीला टांगला होता. टांगला तेव्हा त्याचं खालचं वेटोळं रांजणाच्या झाकणापासून चांगलं वर होतं, झाकण काढताना हाताला लागत नव्हतं. आता ते झाकणावर टेकलं होतं. टेकलं कसलं, वळण घेऊन निवांत पडलं होतं, ऊन खाणाऱ्या मांजरासारखं.

पाणी तसंच हातात राहिलं.

ओला दोर आखडतो. हे नावाड्याच्या पोरालाही ठाऊक असतं. आम्ही पिढ्यान्पिढ्या दोर वळून खाल्लं आणि धुक्यात भिजलेल्या दोराने आमचीच माणसं मोजून आलो. मोजणी दरवर्षी कोरड्या हवेत व्हायची, म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नाही. जवळच्या गाठी थोड्या चुकल्या असतील. लांबची सगळ्यात जास्त.

सुनेला म्हटलं, चल. मुलाला नाही सांगितलं. उन्हात मसणवटा लहान दिसत होता. गाळ वाळून भेगाळला होता, आणि आमचे पांढरे गोटे ओळीने बसले होते, चुकीच्या ठिकाणी, शहाण्यासारखे. दोर बांधला, या वेळी सून मागे चालली. ह्यांची गाठ आली ती आमच्या शेवटच्या गोट्याच्या पुढे, एक माणूस पलीकडे. तिथे खुरप्याने गाळ खणला. कोपरभर खाली गेल्या वर्षीचा गोटा लागला आणि त्याच्याखाली आमच्या दोराचा तुकडा, काळा पडलेला, पण पीळ शाबूत. हे इथे होते. आणि इथून भिंत एवढीशी लांब. एकच माणूस मावेल, तोही कुशीवर वळला तर भिंतीला नाक लागेल असा.

राखणदार मूर्ख नव्हता.

सून माझ्याकडे बघत राहिली. मी मागे वळून त्या चुकलेल्या गोट्याकडे बघितलं, जिथे बसून मी तासभर बोलले होते. खऱ्या मापाने तिथे सासूबाई होत्या. सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या तोंडावर त्यांचंच गाऱ्हाणं, आणि ते मी त्यांच्या लेकाला सांगतेय असं समजून. मला आधी लाज वाटली. मग हसू आलं, इतकं की खुरपं टेकून खाली बसावं लागलं. हयातभर त्या बाईने माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

गोटे पुन्हा नीट मांडले, नव्या दोराचे तुकडे ठेवले. ऊन कलायला लागलं तशी नदीवरून वारा आला आणि गवत एका बाजूला झुकलं. ओळीच्या खाली, नदीच्या अंगाला, राखणदाराने नव्या ओळीसाठी जमीन साफ केली होती. अजून कोणीच नव्हतं तिथे. मी तिथे जाऊन उभी राहिले. तिथून सासूबाई बरोब्बर समोर येत होत्या.

घरी आल्यावर मनात आलं, भावजींना सांगायचं कशाला. हंगामभराचा माणूस. समाधानात जाऊ दे, मागाहून मी माझं बघेन. पाणी घेऊन आत गेले. त्यांना उशाशी धरून बसतं केलं, पाठ हाताला लागली ती नुसती बरगड्यांची शिडी. एक घोट घेतला आणि ते म्हणाले,

"वहिनी, दोर ओला होता ना त्या दिवशी?"

मी गडू खाली ठेवला.

ते म्हणाले, त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. धुक्यात दोर घेऊन कोण जातं? ओला दोर नावेलासुद्धा काठाला ओढून आणतो. मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"तुम्ही कितीतरी दिवसांनी या खोलीत आला होता," ते म्हणाले. "आणि हसत आला होता. म्हटलं, राहू दे."

मग म्हणाले, जागा तुम्ही घ्या. मी म्हटलं, तुम्ही घ्या. इतके दिवस दोघं ओढत होतो, आता दोघं ढकलायला लागलो, आणि ढकलताना त्यांना खोकला आला. पाठीवर हात फिरवत मी म्हटलं, तुमच्यावर उपकार करायला मी काही बसलेली नाही. या ओळीच्या शेपटाला, भिंतीला नाक लावून मी का पडू? खाली नवी ओळ निघतेय. तिची पहिली मी. माझ्यापासून मोजतील सगळे. आणि सासूबाईंशी माझं बोलणं अर्धं राहिलंय, ते समोरासमोर बसूनच होईल.

"पायाशी म्हणा की," भावजी म्हणाले.

"समोर," मी म्हटलं.

ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. दाराआड धाकटी उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत आली. मग मी कुठे, असं तिने विचारलं. बंद पडलेलं बोलणं तिने उघडलं ते हेच. मी म्हटलं, माझ्या शेजारी, आणखी कुठे जाणार आहेस. फक्त मधे हातभर जागा सोड.

भावजींनी मापाचा दोर मागितला. मी खुंटीवरून काढून दिला. ह्यांच्या गाठीपासून पुढे त्यांनी बोटांनी अंतर घेतलं, अंगठा टेकला आणि गाठ मारायला लागले. आमच्या घरात कोणी स्वतःची गाठ स्वतः मारली नव्हती. बोटं कापत होती. मी पुढे हात केला तर म्हणाले, नको वहिनी, तुमच्या गाठी सुटतात. मी दुसरं टोक ताणून धरलं. त्यांनी पहिला वेढा घातला, श्वास घेतला, दुसरा घातला, आणि दोर दोघांच्या मधे सरळ झाला. खिडकीतून आलेलं ऊन त्यावर पडलं होतं आणि त्यातून वाखाची बारीक कुसं उडत होती. ते माझ्याकडे बघत होते, तोंड माझ्याकडे करून, आणि किंचित मागे सरकत होते, उशीच्या बाजूला. मी टोक सोडलं नाही.

गाठ झाल्यावर त्यांनी ती ओढून बघितली. पक्की होती.

मी बाहेर पडवीत आले. मुलगा चाकाला तेल घालत होता. त्याला म्हटलं, उद्या चांगला वाख निवड, मापाचा नवा दोर वळायचा आहे, नव्या ओळीचा. तो तेलाचा हात तसाच धरून उभा राहिला आणि म्हणाला, आई, एवढ्यात कशाला.

मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांदेखत वळ. पीळ कसा पडतो ते मला बघायचंय."